तीनशे साठ अंशांत न बसलेला वर्ग

अक्का, मीटिंग झाली. आज दुपारी, प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत, तुमच्याशिवाय.

तुम्ही रविवारी गेलात, तेव्हा गुरुवारची मीटिंग आपोआप रद्द होईल असं मी धरून चालले होते. माणूस गेलं की निदान त्याच्याविरुद्धची तक्रार तरी मागे घेतात, असा माझा भाबडा समज. कुणी घेतली नाही. मीटिंग तीच राहिली, वेळ तीच राहिली, फक्त तुमची खुर्ची माझ्याकडे आली. काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट असताना तुम्ही उठून चालत्या झालात. असं करतात का कुणी?

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तुमच्यावर भाषण झालं. 'विद्यार्थीप्रिय', 'मृदू स्वभावाच्या' वगैरे. मी मान खाली घालून उभी होते, नाहीतर हसले असते. मृदू! आठवीतली अर्धी पोरं तुमच्या तासाला कंपास पेटी विसरली तर पोटात दुखतंय म्हणून घरी जायची. तुमच्याबद्दल कुणी गोड बोललं की मला राग येतो. तुम्ही गोड नव्हता. तुम्ही बरोबर असायचात, आणि त्याचा त्रास व्हायचा.

मी पुण्याहून बेंगळुरूला आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. जयनगरच्या आपल्या शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवायला लागले, कंत्राटावर. पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, आधी बघा. तुम्ही पाय चार्ट, म्हणजे वृत्तालेख, शिकवत होता. वर्गात इंग्रजी आणि कन्नड, आणि माझ्याकडे बघून मध्येच मराठी. फळ्यावर मोठं वर्तुळ काढलंत आणि थांबलात. एक तुकडा पाडला नाहीत. वर्तुळाखाली लिहिलंत, 'हे पूर्ण वर्तुळ म्हणजे', आणि पुढे रिकामी रेघ. ती रेघ भरल्याशिवाय कुणी पट्टी उचलायची नाही, हा तुमचा नियम. कशाचे भाग करतोय तेच माहीत नसेल तर कसले अंश मोजताय, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मला इंजिनिअरिंग करूनही कुणी विचारला नव्हता.

आणि तो शेवटचा तुकडा. मी शाळेत शिकले ते असं की चार कोन मोजून काढायचे, पाचवा आपोआप उरतो, त्याला कोनमापक लावायची गरज नाही. एका मुलीने तेच केलं. तुम्ही तिच्या वहीवर वाकलात. "उरला म्हणून फुकटचा नव्हं तो. त्याला पण मोज." तिने मोजला. हिशेबापेक्षा बरेच अंश कमी भरले, म्हणजे आधीच्या चारांत कुठेतरी चूक होती. तुम्हाला इतका आनंद झाला की जणू तुमचीच लॉटरी लागली. मला वाटलं, ही बाई विक्षिप्त आहे. डबा खाताना तुम्ही मला तुमची जोंधळ्याची रोट्टी दिलीत आणि विचारलंत, "काय गं, पुण्यात असं शिकवत नाहीत काय?" मी 'नाही' म्हटलं. "मग काय शिकवतात?" म्हणालात. इथून सुरू झालं आपलं.

तुमचं माहेर बेळगावकडचं, सासर इथल्याच बसवनगुडीतलं, कन्नड. तुमच्या मराठीत बाई 'मी जातो, मी सांगतो' म्हणायची आणि मला सुरुवातीला सारखं हसू यायचं. तुम्हाला माझ्या 'अ‍ॅक्चुअली' आणि 'बेसिकली'वर. सगळी शाळा तुम्हाला अक्का म्हणायची, शिपायापासून ट्रस्टींपर्यंत, म्हणून मीही. आणि रोज शाळा सुटल्यावर बसची वाट बघत आपण भांडायचो. लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. पटत नव्हतंच. पण तुमची बस आली तरी तुम्ही दोन-दोन बस सोडायचात, हेही मी पाहिलंय.

माझं म्हणणं साधं होतं, आजही आहे. जगात कुणी आता परकाराने पाय चार्ट काढत नाही. मुलांना तो वाचता आला पाहिजे. काढण्यात दोन तास घालवायचे आणि वाचायला पाच मिनिटं उरवायची, हा कुठला न्याय? कॉम्प्युटरवर आकडे टाका, चार्ट तयार, आणि मग बसा त्याच्यावर बोलत. तुम्ही ऐकून घ्यायचात. मग म्हणायचात, "कॉम्प्युटर कधी नाही म्हणत नाही गं. तोच त्याचा दोष हाय. वर्तुळ नाही म्हणतं." मी म्हणायचे, हे काहीतरी आध्यात्मिक चाललंय तुमचं. तुम्ही म्हणायचात, "स्वल्प थांब, कळंल."

कळलं. पण ज्या तऱ्हेने कळलं ती मला अजून पचलेली नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या इराने आणि तिच्या गटाने सर्व्हे केला, तो माझ्या मार्गदर्शनाखाली. विषयही तिचाच. 'तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?' इरा नागपूरकडची, इथेच वाढलेली, आईबाबांशी मराठी, आजूबाजूच्या पोरांशी कन्नड, टीव्हीपुढे हिंदी. तिने वर्गात एकेका भाषेचं नाव घेतलं आणि हात वर करायला सांगितले. बेंगळुरूचा वर्ग तो. एकेका पोराने दोनदा, तीनदा हात वर केला. कन्नडला निम्म्याहून जास्त हात, हिंदीला तितकेच, मग तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू. इराने सगळे हात मोजले, कॉम्प्युटरमध्ये टाकले, बटण दाबलं आणि सुरेख रंगीत पाय चार्ट आला. कन्नडचा तुकडा वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. हात होते निम्म्याहून जास्त. कॉम्प्युटरने जास्तीचे हात आवळून सगळ्यांना एका वर्तुळात कोंबलं आणि एक शब्द बोलला नाही.

मला ते दिसलं होतं, अक्का. हे मी तुम्हाला त्या दिवशीही सांगितलं. म्हणूनच मी इराकडून चार्टखाली लिहून घेतलं होतं, 'पूर्ण वर्तुळ म्हणजे मिळालेली एकूण उत्तरं'. एकूण मुलं नव्हे, उत्तरं. तुमच्याच नियमाने. गणित चोख होतं. प्रदर्शनासाठी चार्ट निवडला गेला, पोरं खूश, मी खूश.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुम्ही तो भिंतीवरून उतरवलात. इराच्या प्रोजेक्टचे मार्कही कापलेत.

माझं टाळकंच सटकलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी विचारलं की माझ्या प्रोजेक्टला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. तुम्ही शांत. "गणिताचा विभाग माझ्याकडं हाय. मीच काढलो." मी चार्टखालची ओळ दाखवली. तुम्ही म्हणालात, "ही ओळ तू वाचलीस, मी वाचलो. बाहेरचा माणूस तुकडा बघतो आणि जातो. तो म्हणंल, बघा, या शाळेत कन्नड एवढंच उरलंय. खोटं हाय ते. आणि या गावात त्यावरनं भांडण लागायला किती वेळ लागतोय?"

मी म्हटलं, लोक मूर्ख नसतात. तुम्ही म्हणालात, "मूर्ख नव्हं. घाईत असतात."

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मात्र गणित नव्हतं. चार्टकडे बोट केलंत आणि आवाज चढला तुमचा. पहिल्यांदाच चढलेला ऐकला मी. "यात मी कुठं बसतो सांग. मी घरात यजमानांशी कन्नड बोलतो, आईशी मरेपर्यंत मराठी बोललो. अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड हाय काय मी? दोन्हीकडं पूर्ण हाय. आयुष्यभर दोन्हीकडच्या लोकांनी मला अर्धीच धरली. तिकडं गेलं की कन्नडवाली, इकडं आलं की मराठीवाली. आता पोरांकडनं पण तेच काढून घेणार तू?"

मी जास्तच चिडले. म्हणाले, अक्का, तुमच्या आयुष्याचा राग एका पोरीच्या मार्कांवर काढू नका. तुम्ही पर्स उचललीत आणि गेलात. त्या दिवशी बसस्टॉपवर तुम्ही पहिल्याच बसमध्ये चढलात.

त्यानंतर इराच्या बाबांची ईमेल आली. शिक्षिकेने पूर्वग्रहातून चार्ट काढला, मुलीला मानसिक त्रास झाला, मार्क परत द्यावेत आणि संबंधित शिक्षिकेने चूक मान्य करावी. मॅडमनी गुरुवारची मीटिंग लावली. कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तू येऊ नकोस. तुझी नोकरी अजून पक्की नाही. मी एकटा जातो." माझ्यावर चिडलेल्या असताना माझी नोकरी सांभाळत होता तुम्ही. मी 'ठीक आहे' म्हटलं, दुसरं काहीच नाही. तेव्हा तुम्ही छातीवर हात ठेवून पायऱ्या चढत होता आणि मला वाटलं, दम लागला असेल.

रविवारी सकाळी फोन आला. मी तुमच्या घरी पोचले तेव्हा तुमचे यजमान, आमचे भावोजी, दारातच बसले होते. त्यांना मराठी कळतं, बोलता फारसं येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुंबा जगळ माडतिद्री," खूप भांडायचात तुम्ही दोघी. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मग ते म्हणाले की रोज संध्याकाळी घरी आल्यावर ती ते पूर्ण भांडण मला ऐकवायची, दोन्ही बाजूंनी. तुझ्या बाजूने बोलताना आवाज बारीक करायची, आणि कधीकधी तुझीच बाजू जिंकायची. हे मला माहीत नव्हतं. समोर तर तुम्ही मला कधी एक गुण दिला नाहीत.

काल संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मी सावध झाले. त्या म्हणाल्या, अक्कांची तब्येत ठीक नव्हती हे आपल्याला आता माहीत झालंय. त्या अवस्थेत त्यांच्याकडून तो निर्णय झाला, असं आपण सांगू. मार्क परत देऊ. पालक शांत होतील, अक्कांबद्दलही कुणी वाईट बोलणार नाही. "तुमचंही म्हणणं तेच होतं ना, की चार्ट बरोबर आहे?"

तेच होतं. मला फक्त मान हलवायची होती. माझा चार्ट बरोबर ठरला असता, कंत्राट पुढे सरकलं असतं, इराचे मार्क मिळाले असते. बदल्यात शाळेच्या तोंडी कायमचं राहिलं असतं की अक्का शेवटी शेवटी जरा भ्रमिष्ट झाल्या होत्या. मी म्हटलं, विचार करते. मॅडम म्हणाल्या, यात विचार करण्यासारखं काय आहे? कंत्राटाचं त्यांनी नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

आज खोलीत आम्ही चौघं. मॅडम, मी, इरा आणि तिचे बाबा. ते कुठल्याशा कंपनीत डेटाचंच काम करतात, हे त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. चार्ट टेबलावर पसरलेला. मॅडमनी दुःख व्यक्त केलं आणि मग ते वाक्य सुरू केलं, की प्रकृती अस्वास्थ्यामुळे आमच्या ज्येष्ठ शिक्षिकेकडून. मी मध्येच बोलले.

"अक्का आजारी होत्या, गोंधळलेल्या नव्हत्या. हा चार्ट त्यांनी पूर्ण विचार करून उतरवला. मला तो निर्णय पटला नव्हता, आजही पटलेला नाही. पण तो आजारपणातला नव्हता. असं म्हणायचं असेल तर ते माझ्यासमोर म्हणू नका."

इराचे बाबा पुढे सरकले. "म्हणजे तुमच्या मतेही चार्ट बरोबर आहे. मग विषय संपला की, मॅडम."

खरंच संपला होता. पण तुमचं ते 'घाईत असतात' माझ्या डोक्यातून जाईना. आणि खरं सांगू, मला तुम्हाला खोटं पाडायचं होतं. माझी खात्री होती की डेटात काम करणारा माणूस खालची ओळ वाचेल, मी जिंकेन, आणि जिंकूनही तुमचा मान राहील. मी चार्ट त्यांच्याकडे फिरवला. म्हटलं, एक विनंती आहे, हा मोठ्याने वाचून दाखवा. कन्नडचा तुकडा काय सांगतो?

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. "सिम्पल आहे. वर्गातली एक तृतीयांश मुलं घरी कन्नड बोलतात."

"नाही बाबा," इरा म्हणाली. "निम्म्याहून जास्त बोलतात. मीच मोजलेत."

ते लेकीकडे बघायला लागले, मग चार्टकडे. बोट तुकड्यावरून खालच्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. साधा माणूस हो, अक्का, लेकीसाठी रजा काढून आलेला. भांडखोर नव्हता. हळूच म्हणाले, "मग हे असं दिसतंय का?" इरा म्हणाली, "अक्का मॅमपण हेच विचारत होत्या. मी तेव्हा रडत होते, म्हणून ऐकलं नाही."

मार्क आहेत तेच राहिले. इराने तेच आकडे घेऊन स्तंभालेख काढायचा, तो जमला तर नवे मार्क, असं ठरलं. बाबांनी मान डोलावली आणि पार्किंगचा पास कुठे द्यायचा ते विचारून गेले. मॅडम मला म्हणाल्या, आपण नंतर बोलू. बोलू देत. कंत्राटाचं काय व्हायचं ते होईल.

तर मी हरले. सगळ्यांसमोर, माझ्याच प्रश्नाने. तुम्ही असता तर एक अक्षर बोलला नसता, नुसतं कन्नडमधलं 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून डबा उघडला असता, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. तो झाला नाही, याचंच मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि इराला घेऊन रिकाम्या वर्गात बसले. हाताने काढायला लावलं, बरं का. आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल.

तिने खांब उभे केले. कन्नड उंच, हिंदी जवळजवळ तेवढाच, मराठी बुटका. कन्नड आता निम्म्याच्या वर दिसत होता, जसा आहे तसा. मी मनात म्हटलं, घ्या, झालं तुमच्या मनासारखं. तेवढ्यात पोरीने पेन्सिल खाली ठेवली.

"मॅम, यात मी कुठे आहे?"

मी म्हटलं, मराठीत आहेस, कन्नडमध्ये आहेस, हिंदीतही आहेस.

"म्हणजे तीन खांबांत तीनदा. पण ही मराठीवाली आणि ही कन्नडवाली एकच मुलगी आहे, हे कुठे दिसतंय? वर्तुळात माझे तुकडे झाले होते. इथे मी तीन वेगळ्या मुली झाले."

अक्का, बरोबर बोलतेय ती. तुम्ही स्टाफरूममध्ये ओरडला होता, दोन्हीकडं पूर्ण हाय मी, तर ती पूर्ण बाई या खांबांतही कुठे नाही. मग काय काढायचं? याला आकृती आहे का काही? तुमच्या डोक्यात असणारच. तुम्ही यावर आधीच विचार केलेला असणार, तीस वर्षं तुमचाच तर प्रश्न होता हा.

इतक्या वर्षांत मला तुमची सगळी उत्तरं पाठ झालीत. मी काही बोलले की तुमचा आवाज आधीच ऐकू येतो, 'असं कसं गं' पासून पुढे अख्खा. आजही वाट पाहिली. 'असं कसं गं' आलं, आणि पुढे काही आलं नाही.

इरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "छान प्रश्न आहे. उद्या विचारून सांगते."

कुणाला विचारणार होते मी, अक्का?